वकीलबाईंना पाचपैकी चार तारे, आणि मधल्या रिकाम्या जागा

ऑफिसचं नाव या रिव्ह्यूत नाही. समोरच्या पार्टीशी तडजोड झाली तेव्हा करारनाम्यात गुप्ततेचं कलम आलं, आणि सिडनीतला फ्रोझन मालाचा धंदा एवढासा आहे की वकील कोण ते सांगितलं की केस कुठली ते कळेल, आणि केस कळली की समोरचा कोण हे कुणीही दोन फोनांत काढेल. हॅरिस पार्कमधल्या दुकानदारांना तर फोनही करावा लागणार नाही. तेव्हा एवढंच सांगतो: पॅरामॅटा, चर्च स्ट्रीटच्या जवळपास, पहिला मजला, लिफ्ट नाही. सगळा कारभार एकट्या सॉलिसिटर (अशिलाशी थेट काम करणारा वकील) बाईंचा, हाताखाली एक ज्युनिअर मुलगा आणि आठवड्यातून काही दिवस येणारी अकाउंट्सवाली. खरंच गरज असेल त्याने भेटल्यावर विचारावं. नाव सांगेन, केस सांगणार नाही.

तारे चार. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आणि वाचताना मधेमधे खड्डे लागतील हेही आधीच सांगून ठेवतो. बाईंनी माझ्या केसबद्दल काय सल्ला दिला ते इथे नाही. समोरच्यांच्या वकिलाच्या ज्या पत्रावरून एवढं रामायण झालं, त्या पत्रात काय होतं तेही नाही. मीडिएशनमध्ये, म्हणजे मध्यस्थापुढच्या तडजोडीच्या बैठकीत, कोण काय बोललं आणि शेवटी कितीवर मिटलं, ते तर नाहीच. मग उरलं काय? हे खड्डे नेमके कुठे ठेवायचे हे या बाईंना पक्कं कळतं, एवढं उरलं. माझ्या मते त्यांची फी वसूल झाली ती तिथेच.

मी मूळचा सांगलीचा. गिरावीनला माझं गोदाम आहे. पुरणपोळ्या, उकडीचे मोदक, पराठे, खवलेलं ओलं खोबरं, असा गोठवलेला माल येतो आणि दुकानांत जातो. त्यासाठी उणे अठरा अंशांची नवी कोल्ड रूम बसवून घेतली. हिवाळा झकास गेला. जानेवारीत उन्हाचा तडाखा आला आणि कॉम्प्रेसर हाय प्रेशरवर ट्रिप व्हायला, म्हणजे दाब वाढून आपोआप बंद पडायला लागला. पश्चिम सिडनीचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: पेनरिथला ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश नोंदले गेलेत. इथे कंडेन्सर (आतली उष्णता बाहेर टाकणारा भाग) निवडताना बाहेरचं तापमान किती धरलं हा साधा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर विकणाऱ्याने माल खपवताना एक दिलं आणि कागदावर दुसरंच निघालं, असं माझं म्हणणं होतं. माल वितळला, पुन्हा गोठला, फेकावा लागला. मोदक एकदा सुटले की ते कुणी घेत नाही.

दावा ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉच्या कलम १८ खाली, म्हणजे दिशाभूल करणाऱ्या वागणुकीबद्दल, शिवाय करारभंग. रक्कम एक लाख डॉलरच्या वर असल्यामुळे न्यू साउथ वेल्सच्या लोकल कोर्टात बसेना, म्हणून डिस्ट्रिक्ट कोर्ट. ते गोलबर्न स्ट्रीटवर, जॉन मॅडिसन टॉवरमध्ये. ही माझी बाजू झाली. त्यांचीही बाजू होती, आणि न्यायाधीशाने दोन्हींपैकी कुठलीच खरी म्हटलेली नाही, कारण तिथवर गेलंच नाही.

पहिल्या भेटीत मी फाइल उघडून बसलो होतो. बिलं, फोटो, तापमानाचे ग्राफ. बाईंनी फाइल बाजूला सरकवली आणि विचारलं, "हे आत्तापर्यंत कुणाकुणाशी बोललात? आणि माझी मेल आली की ती कुणाकुणाला जाईल?"

इथे मामा येतो. माझा मामा मिरजेच्या कोर्टात शिरस्तेदार होता. निवृत्त होऊन जमाना झाला, पण कुटुंबात कुणाचंही काही कोर्टापर्यंत जायची चिन्हं दिसली की कागद आधी मामाकडे जातात. मी बाईंना सांगितलं, तुमची प्रत्येक मेल मामाला जाणार आणि मामा वाचून फॅमिली ग्रुपवर निकाल देणार. मी हसत होतो, त्या हसत नव्हत्या. तिथल्या तिथे त्यांनी एका कागदावर तीन वर्तुळं काढली: मी आणि त्या, मग मामा, मग सगळा ग्रुप.

इथला कायदा म्हणजे एव्हिडन्स अ‍ॅक्ट १९९५. कलम ११८ म्हणतं की वकिलाने सल्ला द्यावा या मुख्य हेतूने वकील आणि अशील यांच्यात झालेलं गुप्त बोलणं, लिहिणं कोर्टात उघड करायला लावता येत नाही. कलम ११९ तेच दाव्याच्या तयारीतल्या कागदांना लावतं, त्यात इंजिनिअरसारखे तिसरे लोकही येतात. याला क्लायंट लीगल प्रिव्हिलेज म्हणतात, आणि नावाप्रमाणे ते क्लायंटचं असतं. वकिलाचं नव्हे. त्यामुळे ते सोडायचा हक्कही क्लायंटचा, आणि न कळत घालवायची सोयही त्याचीच. कलम १२२ त्या घालवण्याबद्दल आहे. संमती दिली तर गेलं, हे सरळ. पण प्रिव्हिलेज मागायचं आणि वागायचं मात्र त्याच्या उलट, असं केलं तरी गेलं. जाणूनबुजून, स्वखुशीने सल्ल्याचा गाभा तिसऱ्याला सांगितला, तर तेही तसंच वागणं धरलं जातं.

मग मामा? बाईंनी मधल्या वर्तुळावर पेन ठेवून मॅन विरुद्ध कार्नेल सांगितली. कॅनबेरात डॉक्टर मॅन नावाच्या सर्जनचा तिथल्या सरकारशी दावा झाला आणि मिटला. तो का मिटवला असं एका अपक्ष आमदाराने विचारलं, तेव्हा मुख्यमंत्री केट कार्नेल यांनी त्याला वकिलांचा सल्ला गुप्ततेच्या अटीवर दाखवला. डॉक्टर म्हणाले, दाखवला ना, मग आता मलाही द्या. हाय कोर्टाने डिसेंबर १९९९ मध्ये सांगितलं की मर्यादित कामासाठी, गुप्त ठेवायला सांगून एकाला दाखवलं म्हणून सगळ्या जगापुढे प्रिव्हिलेज जात नाही. (इथलं हाय कोर्ट म्हणजे कॅनबेरातलं, देशातलं सर्वांत वरचं. आपल्या मुंबईच्या हायकोर्टाशी गल्लत नको.) म्हणजे मामाला एकट्याला, गुप्त ठेव सांगून दाखवलं तर बहुधा चालून जाईल. पण बाई म्हणाल्या, "बहुधा चालेल हे सिद्ध करायला मला तुमच्याकडून फी घ्यावी लागेल. ते पैसे वाचवा."

ग्रुपचं वर्तुळ त्यांनी नुसतं खोडलं.

मामाला हे फोनवर सांगितलं तर तो आधी भडकला. वकिलापासून काही लपवू नये हे ठीक, पण मामापासून? मग त्याला स्वतःचाच जुना धडा आठवला. आपल्याकडेही वकील-अशिलातलं बोलणं गुप्त ठेवणारं १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आला आणि ते १३२ मध्ये गेलं. मामाला कलमाचा नंबर बदलल्याचं भारी दुःख आहे. त्यानंतर तो मला तारीख पडली का एवढंच विचारायचा, आणि ते विचारायला कुठल्याच देशात हरकत नसते.

आता मुख्य भाग. आम्ही मागणीपत्र पाठवलं, दावा अजून दाखल व्हायचा होता. तेवढ्यात समोरच्या कंपनीच्या डायरेक्टरने मला एक लांबलचक मेल टाकली. तिचा सूर असा: आमच्या वकिलांनी सगळे कागद आणि आमची क्षमतेची गणितं तपासली आहेत, त्यांचं लेखी मत आहे की तुमच्या दाव्यात दम नाही, आणि त्याची कारणं ही, ही आणि ही. इथवरही एक वेळ ठीक. पण मेल सीसीमध्ये माझ्या ओळखीच्या गोदामवाल्यांनाही गेली होती, जे त्यांचेच गिऱ्हाईक होते. हेतू उघड होता. बाकीचे बिथरू नयेत.

मी ती मेल बाईंना पाठवली तेव्हा मला घाम फुटला होता. वकिलाने लेखी दिलंय म्हणजे आपण हरलो, असंच वाटतं माणसाला. बाईंचं उत्तर पाच मिनिटांत आलं. त्यात सल्ला होता म्हणून ते इथे देत नाही, पण उद्गारचिन्ह एक होतं, आणि या बाई उद्गारचिन्ह वापरत नाहीत.

दावा दाखल झाल्यावर बाईंनी समोरच्यांना नोटीस टू प्रोड्यूस, म्हणजे कागद हजर करायची नोटीस बजावली: ज्या मताचा उल्लेख केलात ते पत्र हजर करा. समोरून अपेक्षित उत्तर आलं, प्रिव्हिलेज आहे, देणार नाही. त्यावर मोशन, म्हणजे कोर्टापुढचा अर्ज, लागलं. हा सगळा भाग खुल्या कोर्टात झाला, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

वकिलाचा सल्ला घेतलाय एवढं म्हटलं म्हणून प्रिव्हिलेज जात नाही. ते तर प्रत्येक जण म्हणतो. प्रश्न असतो की सल्ल्याचा गाभा सांगितला का, आणि सांगून त्याचा फायदा उपटायचा प्रयत्न केला का. समोरच्या बॅरिस्टरने (कोर्टात उभा राहून बाजू मांडणारा वकील) ओझलंडचा निकाल काढला. तो माणूस तयारीचा होता, त्याला दाद द्यायला हवी. व्हिक्टोरियात हेदर ओझलंड या बाईने शिक्षामाफीचा अर्ज केला होता. तो फेटाळताना तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या कायदामंत्र्याने, प्रसिद्धीपत्रक काढून सांगितलं की वरिष्ठ वकिलांच्या संयुक्त मताने प्रत्येक मुद्द्यावर अर्ज नाकारावा अशी शिफारस केली आहे. म्हणजे निष्कर्ष जगाला सांगून टाकला. तरी २००८ मध्ये हाय कोर्टाने प्रिव्हिलेज शाबूत ठेवलं, कारण निर्णय विचारपूर्वक, योग्य मार्गाने झाला एवढंच लोकांना कळवायचं होतं, आणि त्यात विसंगत काही नव्हतं. आमच्याही मेलमध्ये फार तर निष्कर्ष आहे, असं त्याचं म्हणणं.

आमच्या बॅरिस्टरने दुसऱ्या टोकाचा बेनेट विरुद्ध कस्टम्स हा २००४ चा फेडरल कोर्टाच्या फुल कोर्टाचा, म्हणजे अपील ऐकणाऱ्या खंडपीठाचा, निकाल लावला. तिथे सरकारी वकिलांनी कस्टम्सच्या एका अधिकाऱ्याच्या बाजूला पत्र लिहून आम्ही कस्टम्सला अमुक सल्ला दिलाय हे सांगून टाकलं होतं, आणि तो सल्ला उघडा पडला. मग आमच्या बॅरिस्टरने डायरेक्टरच्या मेलमधला कारणांचा परिच्छेद वाचून दाखवला आणि सीसीतली नावं वाचली. नावं वाचताना तो मुद्दाम सावकाश वाचत होता. सरकारने जनतेला निर्णयाचा हिशोब देणं वेगळं आणि व्यापाऱ्याने गिऱ्हाइकांना वकिलाच्या मताचा दंडुका दाखवणं वेगळं, असा त्याचा रोख होता.

न्यायाधीशांनी मधला मार्ग काढला. ते पत्र द्यायचं. त्यातलं कारणांसकट सार स्वखुशीने सांगितलंय, गुप्ततेची अटही कुणाला घातलेली नाही. पण आम्ही हावरटपणाने इथल्या एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या कलम १२६ खाली आणखी मागितलं होतं, म्हणजे ते पत्र समजण्यासाठी लागणारे बाकीचे कागद, वकिलाची टिपणं, बॅरिस्टरचा मसुदा. ते मिळालं नाही. पत्र स्वतःच समजतं, म्हणाले, त्याला टेकू लागत नाही. खर्चही पूर्ण मिळाला नाही, काही भागच. मला राग आला होता. बाईंना नाही.

पत्र आलं. वाचलं. इथे पुढचा खड्डा.

कोर्टाच्या जोरावर समोरच्याकडून मिळालेला कागद त्या दाव्याखेरीज दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही, असं बंधन आपोआप लागू होतं. खुल्या कोर्टात तो पुरावा म्हणून आला तर सुटतो. आमचा आला नाही, आधीच मिटलं. हे बंधन किती कडक आहे याची इथली गोष्ट लूना पार्क या करमणुकीच्या पार्कची आहे. हार्बर ब्रिजखालचं ते मोठ्या तोंडाचं गेट सगळ्यांनी पाहिलं असेल, मुलांना घेऊन गेला असाल. शेजारच्यांनी आवाजाबद्दल दावा केला. पार्क चालवणाऱ्यांनी त्या दाव्यातली अ‍ॅफिडेव्हिटं (प्रतिज्ञापत्रं) मंत्र्यांपर्यंत पोचवली, कायदाच बदलून घ्यावा म्हणून. हाय कोर्टाने २००८ मध्ये हर्न विरुद्ध स्ट्रीटमध्ये तो कोर्टाचा अवमान ठरवला. तेव्हा माझ्याकडून पत्रातलं एक वाक्यही निघणार नाही. चहा पाजलात तरी नाही.

एका गोष्टीवरून मात्र माझं आणि बाईंचं जवळजवळ वाजलं. डिस्कव्हरीत, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांना कागद देतात त्या टप्प्यात, समोरून पेनड्राइव्ह आला. शेकडो कागद. ज्युनिअर मुलगा चाळत होता आणि एका मेलवर थांबला. वर वकिलाचं नाव, खाली डायरेक्टरचं. स्पष्ट दिसत होतं की चुकून आलंय. त्याने वाचणं थांबवलं, बाईंना हाक मारली. त्यांनी फाइल बंद केली, समोरच्या सॉलिसिटरला फोन केला, लेखी कळवलं, कॉपी नष्ट केली. आणि हे सगळं करून झाल्यावर मला सांगितलं.

मी म्हणालो, हातात आलेला पत्ता परत? बाजारात कुणी चुकून जादा पैसे दिले तर परत देतो मी, पण ही लढाई आहे. त्यांनी आधी सॉलिसिटरांच्या आचारनियमांतला ३१ वा नियम दाखवला: चुकून आलेला गुप्त कागद कळला की वापरायचा नाही आणि लगेच कळवायचं. मग २०१३ चा एक्स्पेन्स रिडक्शन अ‍ॅनॅलिस्ट्सचा निकाल. एका मोठ्या डिस्कव्हरीत चुकून काही प्रिव्हिलेज्ड कागद पलीकडे गेले आणि ते परत द्यावेत की नाही यावर बडे वकील हाय कोर्टापर्यंत भांडत गेले. हाय कोर्ट वैतागलं होतं. चूक झाली, लगेच सांगितली, परत करा, यात प्रिव्हिलेज सोडल्याचा प्रश्न उठायलाच नको होता, आणि न्यू साउथ वेल्सचा सिव्हिल प्रोसिजर अ‍ॅक्ट कोर्टाला खटला न्यायाने, लवकर आणि स्वस्तात चालवायला सांगतो तो याचसाठी.

मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पूर्ण पटलंय असं म्हणणार नाही. डायरेक्टरची मेल उघडायला लावली तेव्हा आपण शूर, आणि पेनड्राइव्हवरची मेल न वाचता परत केली तेव्हा आपण सज्जन, ही दोन्ही सोंगं एकाच माणसाला कशी जमतात? पण बाईंच्या लेखी त्यात सोंग नव्हतंच. एकाने स्वतः उठून, गावभर, फायद्यासाठी सांगितलं. दुसरीकडे कुणा कारकुनाचं बटण चुकलं. त्यांना ही रेघ इतकी सरळ दिसते की मला समजावताना त्यांचा आवाजही चढला नाही. आणि त्या मधल्या वेळेचं बिल लावलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

इंजिनिअरच्या अहवालाचं कामही चोख. आपल्या तज्ज्ञाचा अहवाल समोरच्याला दिला की त्याचा मजकूर ज्या सूचनांवरून, कागदांवरून घडला त्यांचंही प्रिव्हिलेज जाऊ शकतं. म्हणून तज्ज्ञाला काय पाठवायचं, कुणी पाठवायचं, हे पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातात. मी रेफ्रिजरेशनवाल्याला थेट फोन करून "जरा जोरात लिहा" म्हणायला निघालो होतो, तर मला आधीच बजावलेलं होतं: एकही फोन नाही, एकही मेसेज नाही. गिरावीनच्या एका हॉटेलात तो शेजारच्या टेबलावर बसला होता तेव्हा मी पान उलटं धरून मेन्यू वाचत होतो.

नुसतं वकिलाला सीसीमध्ये घातलं की सगळं झाकलं जातं असंही नाही, हे इथल्या बऱ्याच धंदेवाल्यांना सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑप्टस या फोन कंपनीचा डेटा फुटला, आपल्यापैकी कित्येकांची माहिती त्यात गेली. नंतर कंपनीने डेलॉइट या सल्लागार कंपनीकडून चौकशी करून घेतली, तशी जाहीर घोषणा केली, आणि ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात तो अहवाल मागितला तेव्हा म्हणाले, तो कायदेशीर सल्ल्यासाठी होता. फेडरल कोर्टाला तो मुख्य हेतू दिसला नाही, २०२४ मध्ये फुल कोर्टालाही नाही. घोषणेत जे म्हणून बसले होते, ते आड आलं. आमच्या बाईंच्या अशिलाची कुठलीही घोषणा, मेल, मेसेज सुटण्याआधी एकदा त्यांच्या नजरेखालून जातो, तो यासाठीच.

आता पाचवा तारा.

दर तासाला ५५० डॉलर अधिक जीएसटी, सहा मिनिटांच्या तुकड्यांत. म्हणजे "मेल मिळाली, धन्यवाद" ही ५५ डॉलरची. हे करारातच लिहिलेलं असतं, फसवणूक नाही. इथे ७५० डॉलरच्या वर फी जाणार असेल तर वकिलाला अंदाज लेखी द्यावाच लागतो, आणि अंदाज बराच बदलला तर तेही कळवावं लागतं. पहिला अंदाज सुंदर होता, टप्प्याटप्प्याने मांडलेला. पण मोशन लागल्यावर आकडा फुगला आणि त्याचं पत्र आलं ते बिलाच्या आगेमागेच. मी विषय काढला. बाईंनी वाद न घालता मधल्या काही नोंदी बिलातून उतरवल्या. भांडावं लागलं नाही, पण विचारावं लागलं. ज्या बाई दुसऱ्याच्या मेलमधला स्वल्पविरामही सोडत नाहीत, त्यांच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. असं कुठल्याही वकिलाबाबत झालं आणि बोलून सुटलं नाही, तर न्यू साउथ वेल्समध्ये लीगल सर्व्हिसेस कमिशनरचं ऑफिस आहे, तिथे तक्रार करता येते.

दुसरं, त्यांचं ते क्लायंट पोर्टल. लॉगिन दर वेळी कोड मागतं, कोड मेलवर येतो, मेल स्पॅममध्ये जाते. कागद फक्त तिथेच ठेवायचे हा आग्रह मला समजतो, पण कोल्ड रूममध्ये हातमोजे घालून ते उघडत नाही.

वकील शोधताना मी बरेच रिव्ह्यू वाचले होते, म्हणून हेही लिहितो. बरेच जण केस चालू असतानाच लिहितात. वकील म्हणाला होता कलम अमुकवर जिंकू, आता म्हणतो मिटवा. असं लिहिणारा माणूस वकिलावर सूड उगवत असतो, आणि सल्ल्याचा गाभा स्वतःच्या नावानिशी जाहीर करत असतो. समोरचा सॉलिसिटर ते वाचत नसेल असं वाटतं का? आणि त्यावर त्या वकिलाला उत्तरही देता येत नाही, कारण गुप्ततेचं बंधन त्याच्यावर कायम. चिडून कोर्टातच म्हणालात की वकिलाने माझ्या सांगण्याशिवाय तडजोड केली, तर मात्र उलटं होतं. १९९३ च्या बेनेक या निकालात एका बाईने असंच म्हटलं, आणि तिच्या वकिलाला तेव्हा काय काय सांगणं झालं होतं ते बोलायची वाट मोकळी झाली.

म्हणून मी सगळं मिटेपर्यंत थांबलो, आणि लिहिताना बाईंना नुसतं विचारलं की मी रिव्ह्यू लिहितोय. "लिहा," म्हणाल्या, "पण मी काय सांगितलं ते सोडून." त्या वर्तुळांचं लिहू का विचारल्यावर एवढंच म्हणाल्या की तो कायदा आहे, छापील पुस्तकात मिळतो.

कुणी जावं? ज्याच्याकडे कागद आहेत आणि तोंडावर ताबा आहे त्याने. धंद्याचे वाद, लीज, यंत्रसामग्री, भागीदारी यात त्या उत्तम. घटस्फोट आणि व्हिसा घेत नाहीत, फोनवरच सांगतात, उगाच पहिली भेट लावून पैसे घेत नाहीत. मराठी येत नाही, हिंदी कामापुरतीसुद्धा नाही. घरी अरबी बोलतात. जिन्यात गुडघ्यांचा विचार करा, वडीलधाऱ्यांना नेत असाल तर खालच्या कॅफेत भेटायला तयार असतात, फक्त तिथे केसबद्दल एक अक्षर बोलू देत नाहीत. हवा-पाणी बोलायचं आणि सही करायची. गाडी नेऊ नका. चर्च स्ट्रीटला पार्किंगची बोंब आहे, ट्राम दारात थांबते.